दळण

माझी भाची अमेरिकेत असते. परवा तिचा फोन आला. "मावशी, भाकरी थापताना चिरते गं. तू सांगितलंस तसंच सगळं करते, तरी कडा फाटतातच." मी विचारलं, पीठ कधीचं आहे? तर म्हणाली, "दुकानातून पाकीट आणलंय, अजून चार महिने तारीख आहे त्याला." आता त्या तारखेला काय करायचं! पाकिटाला तारीख असते, विरी नसते.

'विरी' हा शब्द तिला माहीत नव्हता. तुमच्यातल्याही तरुण मंडळींना कदाचित नसेल, म्हणून सांगते. गव्हाची कणीक मळली की तिला चिवटपणा येतो, ओढली तर लांबते. ज्वारीचं तसं नाही. ताज्या दळणात एक धरून ठेवायची शक्ती असते, ती विरी. दिवस जातील तशी ती उतरत जाते. मग पीठ दिसायला तसंच पांढरंशुभ्र, पण थापायला घ्यावं तर हाताखाली भेगा पडतात आणि तव्यापर्यंत जाता जाता अर्धी भाकरी हातात राहते. अशा वेळी आधणाच्या पाण्यात पीठ भिजवायचं, नाहीतर मूठभर कणीक मिसळायची, हे झाले आपले वेळ निभावण्याचे उपाय. खरा उपाय एकच, थोडं दळायचं आणि वेळेत संपवायचं. म्हणून आमच्या नगरकडे (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं) ज्वारीचं दळण कधी मोठं नसतं. वर्षाची ज्वारी घरात असते, पीठ मात्र चार-आठ दिवसांचं.

हे सगळं भाचीला समजावून फोन ठेवला आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. प्रभूची प्रार्थना मी लहानपणापासून म्हणत आले आहे. इतक्या वेळा म्हटलेल्या गोष्टीचे शब्द पुढे ऐकू येईनासे होतात, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं. पण त्या दिवशी कान 'भाकर' या शब्दापाशी थांबले. आपल्या मराठी शास्त्रात तिथे अन्न नाही, पोळी नाही, पाव तर नाहीच. भाकर. आणि तीसुद्धा रोजची.

आमच्या एका पाळकांनी अभ्यासवर्गात सांगितलं होतं की मूळ ग्रीकमध्ये 'रोजची' या जागी जो शब्द आहे, 'एपिऊसिओस', तो मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या या प्रार्थनेखेरीज जवळजवळ कुठेच सापडत नाही. त्यामुळे त्याच्या नेमक्या अर्थाबद्दल पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणतं आजची, कुणी म्हणतं उद्याची, कुणी म्हणतं जगायला लागते तेवढी. मी काही पंडित नाही. पण गिरणीच्या दारात डबा घेऊन आयुष्य काढलेली कुठलीही बाई सांगेल की हे तीन अर्थ इतके लांबचे नाहीत. आज दळून आणलं ते आज रात्रीला आणि उद्या सकाळला, आणि घरात माणसं असतील त्या मानाने.

इथे एक कबूल करायला हवं, की रोजच्या गोष्टीतून बोध काढायची मला थोडी भीतीच वाटते. चौतीस वर्षं शिकवलं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "यावरून आपण काय शिकलो?" असं विचारायचं आणि मुलांनी एका सुरात तात्पर्य म्हणायचं. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की मुलांना गोष्टी आठवतात, तात्पर्य एकालाही आठवत नाही. आमच्याकडे काही उपदेशकांनाही ही सवय असते. पेन दिसलं की पेनावरून बोध, छत्री दिसली की छत्रीवरून बोध. भाकरीवर तर तयार उपदेश आहेच. न फिरवल्याने भाकरी करपते, तसं मन न फिरवल्याने माणूस करपतो, म्हणून पश्चात्ताप करा! (हल्ली भाकरी फिरवायचं काम राजकारणी लोकांनी घेतलंय, तेव्हा तो बोध आपण त्यांनाच देऊन टाकू.)

प्रभू येशूचं सांगणं मला वेगळं वाटतं. तो खमिराचा दाखला एका वाक्यात सांगतो. एका बाईने तीन मापं पिठात खमीर ठेवलं आणि सगळं पीठ फुगलं. संपलं. पुढे अर्थ नाही, तात्पर्य नाही. बरेचदा शिष्यच मागाहून एकीकडे गाठून विचारतात, की याचा अर्थ काय. म्हणजे त्याला वस्तू आधी दिसत होती. पीठ हे पीठच होतं, फळ्यावर काढलेली आकृती नव्हती. म्हणून मीही आधी पिठाकडेच बघते.

तर पीठ. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएल लोकांना मान्ना मिळतो. दर माणशी एक ओमर, ज्याने त्याने आपल्यापुरता गोळा करायचा आणि सकाळपर्यंत ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच. त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तो मात्र टिकायचा. लहानपणी ही गोष्ट मला देवाने केलेल्या शिक्षेची वाटायची. पुढे स्वतःचा संसार झाला, पावसाळ्यात विसरलेला पिठाचा डबा उघडला आणि आत जाळी धरलेली, अळ्या वळवळताना पाहिल्या. तेव्हा वाटलं, यात शिक्षा कसली? पिठाचा स्वभावच आहे तो.

मग साठवायचंच नाही का? असंही शास्त्र म्हणत नाही. मिसरात योसेफाने सात सुकाळाच्या वर्षांतलं धान्य कोठारं भरून ठेवलं, म्हणून पुढच्या सात दुष्काळांत लोक वाचले. लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत शेतकरी मात्र कोठारं पाडून मोठी बांधायला निघतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. दोघांनीही साठवलंच. मग एक शहाणा आणि एक मूर्ख का? एक उत्तर उघड आहे, योसेफाने देशासाठी साठवलं आणि शेतकऱ्याने स्वतःसाठी. पण मला आणखी एक दिसतं, ते गिरणीतून. दाणा टिकतो. आमच्या लहानपणी गावात जमिनीखाली पेवं असायची, त्यात वर्ष-वर्ष ज्वारी राहायची. पीठ टिकत नाही. योसेफाने दाणा साठवला. शेतकरी मात्र कोठार बांधून व्हायच्या आतच पुढची पुष्कळ वर्षं मनात खाऊन, पिऊन, आराम करून मोकळा झाला होता. न उजाडलेल्या दिवसांचं त्याने आधीच दळून ठेवलं होतं.

आपल्या भाषेत 'दळण दळत बसणे' हा वाक्प्रचार उगाच आला नसणार. चिंता करणारं माणूस तेच करतं. पुढच्या महिन्याचं, पुढच्या वर्षाचं आज दळतं, आणि ते वर्ष येईपर्यंत त्या पिठाची विरी गेलेली असते. याकडे मी परत येणार आहे. पण आधी दुसरी गोष्ट, जी भाकर या शब्दाबरोबर आमच्यासारख्यांच्या घरात येतेच.

भाकर मागायची, पण कुणाकडे?

माझे पणजोबा महारवाड्यातले. येसकराची पाळी घरात असे तेव्हा संध्याकाळी गावात दारोदार जाऊन भाकरी गोळा करून आणायच्या. तिला 'हक्काची भाकर' म्हणत. हक्काची खरी, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून, हाक मारून आणि वरून टाकलेली झेलून घ्यायची. उरलेली, शिळी, कधी कोरडीठाक. आजीने हे तिच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं मला सांगितलं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात तीही भाकर थांबली, कारण देणाऱ्यांच्याच घरात नव्हती. नगरमध्ये अमेरिकन मिशन १८३१ पासून होतं. त्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी अन्न दिलं, काम दिलं, आणि त्यानंतर आमच्या भागात पुष्कळ कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात आमचं एक.

शिक्षकांच्या खोलीत एकदा, मधल्या सुट्टीत डबे उघडताना, एक सहशिक्षक हसत हसत मला म्हणाले होते, "तुम्ही काय बाई, भाकरीसाठी बाटलेले लोक!" कुठल्या शाळेत आणि कोण, ते जाऊ द्या. मी काही बोलले नाही. भांडायला वेळ नव्हता, पुढचा तास सातवीवर होता. पण वाक्य राहिलं. अशी वाक्यं टिकतात, त्यांची विरी जात नाही.

गंमत अशी की हे वाक्य प्रभू येशूनेही उच्चारलेलं आहे. योहानाचा सहावा अध्याय बघा. पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांवर पाच हजारांचा समुदाय जेवला. त्या भाकरी जवाच्या होत्या, हे एकटा योहानच नोंदवतो. जव म्हणजे गरिबांचं धान्य, गहू परवडत नसे त्यांचं. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत पलीकडच्या काठावर आले तेव्हा तो त्यांना स्पष्टच म्हणाला, की तुम्ही चिन्हं पाहिली म्हणून मला शोधत नाही, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून शोधता. म्हणजे त्याला माहीत होतं. आदल्या दिवशीही माहीत असणार. तरी त्याने आधी जेवू घातलं. कोण कशासाठी आलंय याची चौकशी करून मग पंगत बसवली नाही. उलट जेवणं झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या निघाल्या. पाच भाकरींत पाच हजार जेवू घालणाऱ्याला उरलेल्या तुकड्यांची काळजी! शिळ्या भाकरीचा कुस्करा करून फोडणीला टाकणाऱ्या माझ्या आईला हा भाग फार आवडायचा.

तेव्हा होय, आम्ही भाकरीसाठी आलो असू. ज्याचा जन्म बेथलेहेमात झाला, आणि इब्री भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, त्याच्या दाराशी माणसं भाकरीसाठी येणार नाहीत तर कशासाठी येणार? आणि माझ्या पणजोबांना ती प्रार्थना प्रथम शिकवली गेली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. आयुष्यभर पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या दारात उभं राहून मागितलेली भाकर आता बापाकडे मागायची होती. उंबऱ्याच्या आत बसून. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा म्हणून सांगितलं. आमच्या घराने ते दुसऱ्या वाटेने सोडलं होतं. मला त्या दोन वाटा एकमेकींच्या वैरी वाटत नाहीत.

जेवायला एकत्र बसणं हेही सोपं नव्हतं, ते वेगळंच. लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा १९०० साली राहुरीला झाला, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी. आपलं सोवळं सुटायला काय काय पडलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये जितक्या मोकळेपणाने लिहिलंय तितकं मी कुठे वाचलं नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी अवश्य वाचा. असो.

१९७२ चा दुष्काळ मात्र मी स्वतः पाहिला. बी.ए. होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. बावीस वर्षांची. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, आणि गावाबाहेर दुष्काळी कामं निघालेली. रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. बायका लुगड्याच्या चिंध्या बोटांना बांधून खडी फोडायच्या. कामावर सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो, अमेरिकेतून आलेला. त्याची भाकरी तांबूस व्हायची आणि आमच्या मालदांडीच्या ज्वारीची सवय असलेल्या तोंडांना ती गोड लागत नसे. पण खाल्ली. (तेव्हा अमेरिकेतून भाकरीचं धान्य इकडे आलं, आता आमची भाची तिकडे बसून ज्वारीच्या पिठासाठी हळहळते.)

रविवारी मी लहान मुलांची शब्बाथशाळा घ्यायची. एका रविवारी येशूच्या परीक्षेचा पाठ होता. चाळीस दिवसांचा उपास, आणि सैतान येऊन म्हणतो की तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. येशू करत नाही. मी सांगून संपवलं आणि सवयीने विचारलं, काय शिकलो? मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, माझी आई रोज धोंड्यांच्या भाकरी करती. मग ती चूक करती का?"

वर्गात कुणी हसलं नाही. कारण जवळजवळ सगळ्यांच्याच आया खडीवर होत्या.

मी त्याला म्हटलं, सैतानाला हातोडी न उचलता भाकर करून हवी होती, तुझी आई हातोडी उचलते, तिचं बरोबर आहे. उत्तर ठीक होतं. त्याला पटलंही. पण आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्या पोराने विचारलं ते माझ्या उत्तरापेक्षा पुष्कळ मोठं होतं. त्याच शुभवर्तमानात पुढे येशू विचारतो, की मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप त्याला धोंडा देईल? आणि इथे एक अख्खा जिल्हा भाकर मागत होता आणि त्याच्यापुढे धोंडे होते. त्याच धोंड्यांतून भाकर निघाली, हे खरं. पण बोटं फुटून निघाली, हेही खरं. यातलं एक सांगून दुसरं गाळणारा उपदेश मला ऐकवत नाही.

आता त्या राहिलेल्या दळणाकडे येते.

आमच्या ह्यांना कंपवात आहे, हे नातेवाइकांना माहीत आहे, इतरांना आज सांगते. सहा वर्षं झाली. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची. ती लागू असते तोवर हात बरे चालतात, असर ओसरला की थरथर सुरू होते. वर्षं जातील तसा एका गोळीचा असर कमी वेळ टिकणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. गिरणीत सायकलवरून दळण नेणं हे त्यांचं काम होतं, ते आता माझ्याकडे आलं. दोन किलोचा डबा, तेवढाच झेपतो, आणि ज्वारीला तेवढाच बरा.

मुलगी पुण्याला असते. दर रविवारी म्हणते, आई, पुढचं काहीतरी ठरवायला हवं. तिचं चूक नाही. दाणा म्हणाल तर मी भरून ठेवलाय. पेन्शनची कागदपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, घराच्या नावाचं काम, रात्री-अपरात्री येऊ शकणाऱ्या माणसांचे नंबर, सगळं एका फाइलीत आहे आणि फाइल कुठे आहे ते तिला माहीत आहे. तरी रात्री अडीचला डोळा उघडतो आणि जातं सुरू होतं. हे पडले तर? मला उचलता येईल का? गिळता येईनासं झालं तर? आणि मीच आधी गेले तर? एकेक मूठ टाकत जायची आणि दळत राहायचं. पहाटेपर्यंत ढीगभर पीठ, आणि त्यातलं सकाळच्या एका भाकरीला उपयोगी नाही.

मग मी तीच प्रार्थना म्हणते, हळू, हे जागे होऊ नयेत म्हणून. त्याने जातं थांबतं असं मी लिहिणार नाही. कधी थांबतं, कधी नाही. कारण नीट ऐकलं तर त्या प्रार्थनेत उद्याची हमी नाहीच. मागणं फक्त आजचं आहे. विशीत असताना हे मला कमी वाटलं असतं. आता कमी वाटत नाही असं म्हणणंही खोटं होईल. काही रात्री फार कमी वाटतं. पण सहा वर्षांतला प्रत्येक दिवस आम्ही जेवलोय, हेही मोजावं लागेल ना? मोजते.

पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर येशू दोघा शिष्यांबरोबर चालतो, सगळं शास्त्र उलगडून सांगतो, तरी ते त्याला ओळखत नाहीत. घरात बसून त्याने भाकर मोडली तेव्हा ओळखतात. मला यात नवल वाटत नाही. त्रेपन्न वर्षं एका ताटासमोर बसल्यावर माणूस भाकरी कशी मोडतो ते पाठ होतं. हे आधी भाकरीचा पापुद्रा सोडवतात, तो बाजूला ठेवतात शेवटी खायला, आणि मग चतकोर करतात. हात कापायला लागल्यापासून मी मोडून द्यायला लागले होते. काल त्यांनी माझा हात बाजूला केला. "राहू दे, मी करतो." पापुद्रा सोडवायलाच पाच मिनिटं गेली. तुकडा दोनदा ताटाबाहेर पडला. मी समोर बसून राहिले. पिठलं गार झालं, ते उठून परत गरम करून आणलं, तोवर त्यांचे चार चतकोर झाले होते, आणि त्यातला एक त्यांनी माझ्या ताटात ठेवला होता.